हन्ना सिस्टरची गादी

गादी गुंडाळून, सुतळीनं आवळून गेटबाहेर ठेवलेली होती. आत उशी खोचलेली. गेटला कुलूप.

महेंद्रनं घंटागाडी थांबवली, आणि थांबवल्यावर पुढं काय करायचं ते त्याला सुचेना. भोंग्यातली बाई ओला वेगळा द्या, सुका वेगळा द्या म्हणून हसऱ्या आवाजात गात होती. निळ्या पट्ट्यांचा गादीपाट त्यानं लगेच ओळखला होता. ही गादी याच कंपाउंडच्या भिंतीवर उन्हात पसरलेली त्यानं कितीतरी वेळा पाहिली होती. काठीनं न धोपटता, नुसती हातानं झटकत तिच्याशेजारी उभी असलेली हन्ना सिस्टरही पाहिली होती.

गादी घराबाहेर पडते ती दोन तऱ्हांनी. श्रीगोंद्यात कचऱ्याची गाडी चालवणाऱ्या कुणालाही विचारा. घरात नवी गादी आली की जुनी बाहेर येते ती उलगडलेली, अस्ताव्यस्त, एकटी. उशी घरातच राहते; उशीला माणूस जपतं. पण गुंडाळलेली, बांधलेली, उशीसकट आली की समजायचं, तिच्यावर झोपणारं माणूस आता नाही.

आणि आदल्या दिवशी सकाळी त्यानं पांढरी कार पाहिली होती. पुढं सिस्टरचा पुण्याचा मुलगा सॅम. मागच्या सीटवर सिस्टर, मान मागं टाकलेली, डोळे मिटलेले. महेंद्रनं खिडकीतून हात वर केला होता. तिनं पाहिलं नव्हतं.

शेजारच्या सविताबाई बादली घेऊन आल्या. मोबाईल कान आणि खांद्याच्या मध्ये धरलेला. त्यांना विचारावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण मागं एकदा एका दारात त्यानं असंच विचारलं होतं, तेव्हा आतून आवाज आला होता, तुला काय करायचंय, तू कचरा उचल. तेव्हापासून तो विचारत नसे. शिवाय, खरं सांगायचं तर, विचारलं नाही तर आशेला थोडीशी जागा उरत होती. विचारलं की ती पण गेली.

सविताबाईंची बादली त्यानं हौद्यात पालथी केली. मग गादी उचलली. कचऱ्यावर टाकली नाही. केबिनमध्ये, शेजारच्या रिकाम्या सीटवर बसवली.

आणि गाणं बंद केलं.

मयताच्या घरापुढं गाणं वाजवायचं नाही. हा नियम नगरपालिकेचा नाही, ठेकेदाराचा नाही, डायवर लोकांचा आहे. कुणी घालून दिला ते कुणाला माहीत नाही.

*

थांब. ए, थांब की. काल का आला नाहीस. पुढं घे गाडी, आमच्या दारात नको. हळू आपट, डबा फुटंल. एवढ्या लवकर येतात का. एवढ्या उशिरा येतात का. ते खाली सांडलं ते कोण उचलणार. चल, झालं, जा.

ही सगळी वाक्यं एका सकाळची. पूर्वी गाडीवर दोन माणसं असत, एक चालवणारा, एक डबे ओतणारा, आणि दोघं आपसात तरी बोलत. ठेकेदार बदलला तेव्हा दुसरा माणूस कमी झाला. आता महेंद्रच चालवतो, उतरतो, ओततो, चढतो, पुन्हा चालवतो. वरची वाक्यं पुन्हा वाचून पाहा, त्यांत त्याचं नाव कुठंच सापडणार नाही.

ते एकाच गेटवर सापडायचं, चर्चच्या मागच्या गल्लीत.

“महेंद्र, हातमोजे कुठंयत?”

“फाटले, सिस्टर.”

“मग दुसरे माग. माझ्याकडं धनुर्वाताची सुई आता नाही.”

हन्ना सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाली होती. अर्ध्या श्रीगोंद्याच्या दंडावर तिच्या सुईची खूण होती. नवरा, जॉर्ज मास्तर, शाळेत गणित शिकवायचे. अंगावरून वारं जाऊन लुळे पडले ते कित्येक वर्षं पडूनच होते. ते याच निळ्या पट्ट्यांच्या गादीवर. मास्तर गेले, नगरला त्यांच्या वडिलांशेजारी त्यांना माती दिली, पण गादीत त्यांच्या अंगाचा खळगा राहिला. बायका म्हणायच्या, सिस्टर, गादी पिंजून घ्या, गोळे झालेत कापसाचे. ती हो म्हणायची आणि पिंजाऱ्याला हाक मारायची नाही. रात्री त्याच खळग्यात झोपायची. हे सगळं तिनं महेंद्रला गेटवर सांगितलेलं होतं, एका दिवशी नव्हे, रोज थोडं थोडं, बादली ओतून परत हातात घेईपर्यंतच्या वेळात.

त्या वेळासाठी महेंद्र तयारी करायचा. डेपोवरून येताना वाटेतच एक वाक्य ठरवून ठेवायचा. काष्टीच्या रस्त्याला उसाची ट्रॉली उलटलीय. डेपोवर आज मोर आला हुता. पोराचा चाकणवरून फोन आल्ता, सुट्टी न्हाई म्हनतोय. ही वाक्यं दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नव्हती. सांगायला दुसरं कुणी नव्हतंही. बायको, माधुरी, जाऊन बराच काळ झाला होता. खोलीवर भिंती होत्या आणि एक टीव्ही होता, तो हळू आवाजात चालू ठेवला की बरं वाटायचं.

त्या सकाळी त्यानं ठरवून आणलेलं वाक्य असं होतं: सिस्टर, तो गेटवर नंबर नसलेल्या घरातला कुत्रा आता माझ्यावर भुंकत न्हाई.

ते तसंच राहिलं.

*

डेपो म्हणजे गावाबाहेरचा माळ. एका अंगाला कचऱ्याचे ढीग, दुसऱ्या अंगाला साखर कारखान्याची राख टाकलेली, वारा सुटला की दोन्ही एक होतात. महेंद्रनं हौदा वर केला, कचरा पाडला, आणि गादी खांद्यावर घेऊन तो बांधाकडं निघाला तशी भागिरथी आडवी आली.

भागिरथी कचरा वेचायची. वयानं त्याच्या आईएवढी, हातात पुढं आकडा लावलेली काठी.

“हिकडं आन ती,” ती म्हणाली. “कापूस लई चांगला दिसतोय.”

“न्हाई मावशे. ही न्हाई.”

“का? सोन्याची हाय का?”

“मयताची हाय.”

भागिरथीला हसू आलं. तिच्या झोपडीतलं अंथरूण, पांघरूण, उशा, सगळंच कुणा ना कुणा मयताचं होतं, आणि तिला त्यावर झोप उत्तम लागायची. तिनं काठीच्या आकड्यानं गादीपाटाचं टोक उचलून पाहिलं. महेंद्रनं गादी बाजूला घेतली.

“कोन हुती रं तुजी?”

कोण होती? नात्याला नाव हवं ना. गिऱ्हाईक म्हणावं तर तसं नाही. तो नुसता चालत राहिला.

इथं माधुरीच्या वाकळेचं सांगायला हवं. माधुरी गेली तेव्हा तिची वाकळ भावकीतल्यांनी शिवेवर नेऊन टाकली, रीतच तशी. पुढं काही दिवसांनी महेंद्र काष्टीच्या बाजाराला गेला होता, तर एका ट्रॅक्टरच्या बोनेटवर ती वाकळ झाकलेली. माधुरीच्या लाल लुगड्याचा तुकडा मधोमध, त्यावर ऑईलचा डाग. ट्रॅक्टरवाल्याला काय सांगणार? तो बराच वेळ तिथं उभा राहिला आणि भाजी न घेता परत आला.

म्हणून त्यानं सिस्टरची गादी जाळली. डेपोवर काही जाळायला बंदी आहे. त्यानं बांधाच्या आड, राखेच्या बाजूला जागा धरली, थोडं डिझेल ओतलं. कापूस पेटायला वेळ लागला. आधी नुसता धूर झाला, मग आतून लाल झालं. अशा वेळी ख्रिस्ती लोक काय म्हणतात ते त्याला माहीत नव्हतं. त्याला जे येत होतं ते तो म्हणाला. हात जोडून, हळू आवाजात, बुद्धाचं त्रिसरण. मग जमिनीवर बसून राहिला. लांबून भागिरथी पाहत होती. चांगला कापूस जळताना पाहून तिनं तोंड फिरवलं.

*

पुढचे दिवस चर्चच्या मागच्या गल्लीत गाडी मुक्यानं जाई.

लोक चिडले. गाणं नाही म्हणून गाडी कळेना, डबे घरात साचू लागले. तक्रार मुकादमाकडं गेली. मुकादम गोरक्षनं विचारलं, गाणं का बंद करतो रे तिथं? महेंद्र म्हणाला, मयत हाय. कोण गेलं? एक बाई, म्हातारी. गोरक्षनं मान हलवली, दहा दिवस झाले की चालू कर म्हणाला आणि फोन घेतला.

महेंद्रनं नाव सांगितलं असतं तर? गोरक्षला तिनं लहानपणी सुया टोचल्या होत्या. तो चमकला असता, त्यानं कुणाला तरी फोन लावला असता, आणि गोष्ट तिथंच मिटली असती. पण नाव उच्चारलं की ती जास्तच मरेल असं महेंद्रला वाटलं.

वाक्यं मात्र सुचत राहिली. नेमकं तेव्हाच रोज एकाहून एक. माळावर कोल्हा दिसला. एका घरानं अख्खा हार्मोनियम टाकला, त्याचा एक सूर अजून वाजतो. कुलूप लावलेल्या गेटपाशी गाडी जरा हळू व्हायची, मग पुढं जायची. एके दिवशी कुलूप दिसलं नाही. घर विकायला आला असणार पोरगा, असं म्हणून त्यानं मान वळवली आणि गाडी दामटली.

*

“ए महेंद्र!”

त्यानं ब्रेक मारला.

गेटात हन्ना सिस्टर उभी होती. डोळ्यांवर काळा, कडेनं बंद असलेला चष्मा. एका हातात बादली, दुसऱ्या हातानं गेट धरलेलं.

महेंद्र उतरला नाही. त्याला उतरता येईना.

“गाणं चोरलं का कुणी तुझं?” ती म्हणाली. “दोन दिवस झाले येऊन. आत अंधारात बसून असते, कान लावून. आवाजच नाही. मला वाटलं, डोळ्याचं करायला गेले आणि कान तिकडंच ठेवून आले.”

मोतीबिंदू. नगरला ऑपरेशन, मग तपासणीपर्यंत तिथंच बहिणीकडं मुक्काम. तिकडं जाताना गाडीत डोळे मिटले होते ते डॉक्टरनं सांगितलेल्या थेंबांमुळं. सगळं ती सांगत गेली आणि त्याला अर्धंच ऐकू आलं. तो खाली उतरला, बादली घेतली, ओतली, परत दिली. तिचा हात लागला, तो गरम होता.

“बोल की. भूत पाहिल्यासारखं काय पाहतोस?”

“बरं हाय ना, सिस्टर?”

“डोळा बरा आहे. दुसरंच नाही बरं.” तिचा आवाज खाली आला. “सॅमनं माझी गादी टाकली. मी तिकडं दवाखान्यात, हा इकडं कपडे न्यायला आला आणि घर आवरून गेला. वास येतो म्हणे. पाठीला चांगली नाही म्हणे. फोमची आणलीय नवी, तिच्यावर पडलं की बुडाल्यासारखं होतं. त्याचं चुकलं असं नाही. चांगल्यासाठीच केलं त्यानं.” ती थांबली. “तूच नेली असशील ना?”

“व्हय.”

“डेपोवर असेल?”

महेंद्रनं मान हलवली. काळ्या चष्म्याआडून तिला ती होकारासारखी दिसली असावी.

“मग आण शोधून. कितीही खराब होऊ दे, मी ऊन दाखवीन. हे बघ, सॅम पुण्याला चल म्हणून माझ्या मागं लागलाय. रविवारी येतोय. मी रागारागानं हो म्हटलं, म्हटलं इथं झोपायला तरी काय उरलंय आता. पण गादी आली ना, तर मी कुठं जात नाही. त्याला सांगते सरळ. तू आण फक्त.”

गेट धरून ती आत वळली. पायरी चाचपत चढली. महेंद्र रिकाम्या रस्त्यावर उभा राहिला, आणि गल्लीतून निघताना त्याला हसू येत होतं. ती आहे! असं हसू तोंडावर धरूनच तो डेपोपर्यंत गेला, आणि राखेचा बांध दिसल्यावर ते गेलं.

*

भागिरथीला त्यानं सगळं सांगितलं. दुसरं सांगणार कुणाला?

भागिरथी पोट धरून हसली. मग म्हणाली, त्या दिवशी मला दिली असतीस तर आता झोपडीतून काढून दिली असती की रं. खरं तेच होतं. कचरा म्हणून फेकली असती तरी वाचली असती, भागिरथीनं उचलली असती. मान दिला म्हणून गेली.

भागिरथी झोपडीत गेली आणि एक गादी ओढत बाहेर आली. निळे पट्टे. थोडे फिकट, पण निळेच. असला गादीपाट सगळ्या तालुक्यात एकाच तऱ्हेचा मिळतो.

“ही ने,” ती म्हणाली. “येका डोळ्यानं काय दिसतंय तिला. ऱ्हाईल म्हातारी हितंच.”

महेंद्रनं ती केबिनमध्ये घातली. खोलीवर नेली. जमिनीवर पसरली. आणि तिच्यावर आडवा झाला. सपाट होती, ज्यानं वापरली होती तो हलका असावा किंवा फार दिवस झोपला नसावा. महेंद्र उठला, मध्यभागी गुडघे रोवून दाबू लागला. कोपरानं, टाचेनं. कापूस खाली जायचा आणि हळूहळू वर यायचा. तो पुन्हा दाबायचा. कपाळावर घाम आला. मास्तर उंच होते की ठेंगणे? उजवी बाजू लुळी पडली होती की डावी? त्यानं कधी विचारलं नव्हतं. मास्तरांना त्यानं पाहिलेलंही नव्हतं.

तो थांबला. सिस्टर रोज रात्री तिथं पाठ टेकणार, तिथं कोणीतरी परकं असणार, आणि ती त्या परक्यासाठी पोराशी भांडून एकटी राहणार.

सकाळी त्यानं गादी भागिरथीला परत केली.

*

शनिवारी त्यानं गल्लीच्या तोंडाशी गाडी लावली आणि गेटपर्यंत चालत गेला. असा तो कधी आला नव्हता. सिस्टर व्हरांड्यात बसली होती. पायऱ्यांच्या खाली उभं राहून त्यानं सांगितलं. आधी शब्द नीट लागेनात, मग लागले. उशी आत खोचलेली होती ते, कार पाहिली ते, कुणाला विचारलं नाही ते, गाणं बंद केलं ते. आणि जाळलं ते.

हन्ना सिस्टरनं तोंड त्याच्याकडं वळवलं. चष्म्यामुळं तिचे डोळे दिसत नव्हते, त्यामुळं ती रागावलीय की काय, काही कळायला मार्ग नव्हता.

“जाळलंस मला?” ती म्हणाली. “आमच्यात पुरतात रे.”

“मला ठाव न्हवतं, सिस्टर.”

“कोण कोण होतं?”

“कवा?”

“जाळलंस तेव्हा.”

“मी एकटाच. लांब मावशी हुती एक, कचरा वेचती ती.”

“काही म्हणालास?”

“त्रिसरण म्हनलं. तुमचं मला येत न्हाई.”

“चालतं.” ती जरा पुढं झुकली. दवाखान्यात पेशंटला विचारायची तशी एक एक गोष्ट विचारत होती. “मग? लगेच निघालास?”

“बसलो हुतो जरा येळ.”

“रडलास?”

महेंद्रनं जमिनीकडं पाहिलं. चपलेच्या अंगठ्याला राख अजून चिकटलेली होती.

“न्हाई,” तो म्हणाला. “तवा न्हाई. खोलीवर गेल्यावर.”

तिनं मान हलवली. गादी गेली हा विषय तिनं काढला नाही. तिचा हात मात्र खुर्चीच्या हातावरून मागं-पुढं फिरत होता, गादी झटकावी तसा. आत कुकरची शिटी झाली. दुसरी झाली. ती उठून गॅस बंद करून आली, आणि येताना पायात चपला घालून, कुलूप हातात घेऊनच आली.

“चल. मला दाखव कुठं ते.”

तो म्हणाला, तिथं तुमच्यासारख्यानं येण्यासारखं न्हाई, वास हाय, राख उडती, डोळ्याला बरं न्हाई. ती म्हणाली, मी बत्तीस खाटांच्या वॉर्डात जन्म काढलाय, वासाचं मला सांगू नकोस. फक्त गचका बसू देऊ नको, डॉक्टरनं सांगितलंय, डोळ्याला गचका बसता कामा नये.

केबिनमधल्या सीटवर त्यानं आपला टॉवेल अंथरला. ती चढली. सविताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, तोंडाला पदर लावून. सिस्टर कचऱ्याच्या गाडीत बसून चालली होती.

महेंद्रनं ती गाडी तशी आयुष्यात कधी चालवली नव्हती. पहिला गिअर, दुसरा, पुन्हा पहिला. खड्डा आला की आधीच थांबायचा, मग एक एक चाक उतरवल्यासारखं उतरवायचा. मागून उसाचे ट्रॅक्टर हॉर्न देत होते. एकानं पुढं काढताना शिवी दिली. सिस्टर दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसली होती.

डेपोवर मात्र जागा सापडेना. मधल्या दिवसांत जेसीबी फिरला होता. बांध अर्धा ढकलून दिलेला, ढीग सरकलेले, राख सगळीकडं सारखी. महेंद्र इथं की तिथं करत फिरू लागला. त्यानं एक जागा दाखवायला बोट उचललं, इतक्यात भागिरथी आली.

“तिथं न्हवं. हिकडं.” तिनं काठी रोवली. “मी उकरलं हुतं. म्हनलं अर्धी वाचली आसंल. काय न्हाई ऱ्हायलं.” मग सिस्टरला खालीवर पाहून महेंद्रला म्हणाली, “ह्याच का त्या, मेलेल्या?”

“हो,” सिस्टर म्हणाली. “मीच.”

भागिरथीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चार पावलं मागं सरकून उभी राहिली.

जागा म्हणजे काही नव्हतं. काळसर माती, एक दुधाची पिशवी, चपलेचा तुकडा. सिस्टरनं वाकून पिशवी बाजूला केली. मग ती ताठ उभी राहून प्रार्थना करू लागली, मोठ्यानं नाही, पण शेजारच्याला ऐकू येईल अशी. त्यात जॉर्ज हे नाव आलं. नंतर आणखी एक नाव आलं, माधुरी. महेंद्र दचकला. माधुरीचं त्यानं तिला कधीतरी गेटवर सांगितलं असणार. ती आमेन म्हणाली तेव्हा काय करायचं ते न कळून त्यानं हात जोडले.

उद्या सॅम येईल, दुपारी निघू, असं ती परत येताना म्हणाली. घर भाड्यानं देणार, भाडेकरूला सांगून ठेवते तुझं नाव. पुण्याला येत जा असं ती म्हणाली नाही, आणि तो येईन असं म्हणाला नाही. दोघांनाही खोटं बोलायची सवय नव्हती. ऊन खिडकीतून तिच्या तोंडावर येत होतं. महेंद्रनं पुढची झडप ओढून खाली केली, ती नीट राहीना म्हणून एका हातानं धरून ठेवली, आणि एका हातानं गाडी चालवली.

वेशीजवळच्या चढावर एक माणूस डबा घेऊन रस्त्यात आला. ए, थांब की, म्हणाला. डबा उंच धरून गाडीच्या बाजूनं चालू लागला. गाडी इतकी हळू होती की त्याला पळावं लागलं नाही.

मागं हौदा रिकामा होता. पत्रा पत्र्यावर खडखडत होता.

“भरलीय गाडी,” महेंद्र म्हणाला, आणि चढ संपेपर्यंत त्यानं गिअर बदलला नाही.